थरांवर थर देऊन पेंटिंग कसं करायचं, आणि रिश्टरकडून काय घ्यायचं

जुना फोटो, आठवणी, काळ वगैरेंवर लेअर्सचं पेंटिंग करायचंय, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी आधी जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची 'बिर्केनाऊ' ही मालिका बघायला सांगतो. २०१४ ची चार पेंटिंग्ज, प्रत्येक २६० बाय २०० सेंटिमीटर. बिर्केनाऊ ही नाझींची मृत्युछावणी, ऑगस्ट १९४४ मध्ये तिथल्या कैद्यांनी जीव धोक्यात घालून चोरून काढलेले चार फोटो त्याने आधी कॅनव्हासवर चितारले, ते पटेना, मग त्यावर काळा, करडा, लाल, हिरवा असे रंग ओढत गेला, इतके की खालचं चित्र आता दिसतच नाही. पण खाली काहीच नसतं तर हेच रंग नुसते भिंतीला शोभणारे झाले असते असं मला वाटतं. म्हणून खालचा थर टाइमपास म्हणून करू नका, तो कोणी बघणार नसला तरी नीट करा.

कॅनव्हासऐवजी एमडीएफ किंवा प्लायचा तुकडा घ्या, कारण ताणलेला कॅनव्हास दाबला की मध्ये खचतो आणि मागच्या फ्रेमच्या कडा रंगात उमटतात. जेसोचे (म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या प्रायमरचे) दोन हात द्या, वाळल्यावर चारकोलने फोटोवरून चित्र काढा आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पक्का करणारा स्प्रे, मारा, नाहीतर वरचा रंग लावताना सगळा काळा चिखल होतो. मग अ‍ॅक्रिलिकने रंगवून रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात अजून एक दिवस धरा.

आता मुख्य काम. रिश्टर स्क्वीजी वापरायचा, म्हणजे लांब पारदर्शक पट्टी आणि तिला दांडा. आपल्याला नेमप्लेट करणाऱ्याकडे अ‍ॅक्रिलिक शीटची कापलेली पट्टी मिळते, नाहीतर पुट्टीची पट्टी चालते, फक्त धार पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर ओरखडे पडतात. पट्टीच्या कडेला जाडसर रंग लावायचा, त्यात थोडं रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) घातलं तर ओढायला वेळ मिळतो, पट्टी जराशी कलती धरायची आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची, मध्ये थांबलात की आडवी रेघ राहते. खालचा थर कोरडा आणि खडबडीत असेल तर नवा रंग उंचवट्यांवर अडकतो, खळग्यांत पोचत नाही, तिथून जुनं डोकावतं. खालचा ओला असेल तर दोन्ही एकमेकांत ओढले जातात, ते वेगळंच दिसतं आणि कधी कधी त्याचीच मजा येते. ऑइल वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर चालतं, उलटं करू नका, पुढे सोलून निघतं.

खालचा थर उघडा करायच्या दोन पद्धती. एक, वॉटर पेपर, २२० नंबरचा, पाणी लावून हळूहळू घासायचा, कोरडा घासलात तर तोंडाला मास्क हवाच. दुसरी आपल्या नागपूरच्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंची आठवण करून देणारी. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे आणि फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. वर्तमानपत्राचा तुकडा फाडायचा, कात्रीने कापायचा नाही, फाटलेली कड जास्त छान उमटते, ओल्या रंगावर दाबून लगेच उचलायचा.

सगळं उघडं करायचा मोह होतो, विशेषतः चेहऱ्याचा भाग. ते टाळा, निम्मं दिसलं तरी माणूस ओळखू येतो आणि मग चित्र कोडं सोडवल्यासारखं होतं. लेअर वाढवत बसण्यापेक्षा बोर्ड दोन-चार दिवस भिंतीला टेकवून ठेवा, जाता-येता बघा, काही खटकलं तरच पट्टी उचला.

प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो मात्र काढून ठेवा. तो पेंटिंगशेजारी लावायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा, रिश्टरने 'बिर्केनाऊ'सोबत मूळ फोटोंच्या प्रती लावल्या आणि समोर करडे मोठे आरसे, पण तो विषयच तसा होता, आजीच्या लग्नाच्या फोटोला एवढं सगळं कशाला. व्हार्निशची घाई नको, जाड थर आतून वाळायला आठवडे घेतात.