सुपारी देऊन जोडीदाराचा खून: माफीच्या साक्षीदाराच्या आधारे कट कसा सिद्ध करायचा

नवऱ्याने बायकोचा किंवा बायकोने नवऱ्याचा सुपारी देऊन खून करवला, तर मारेकऱ्याविरुद्धचा पुरावा बहुधा मिळतो: हत्यार, रक्ताचे डाग, सीसीटीव्ही. घोडं अडतं ते सुपारी देणाऱ्यापाशी. खुनाच्या वेळी तो माणूस भलत्याच गावी असतो, तोही बहुतेकदा ठरवून. मग आरोपींपैकी एकाला माफीचा साक्षीदार केलं जातं, म्हणजे सगळं खरं सांगण्याच्या अटीवर माफी दिली जाते, आणि 'आता सगळं तोच सांगेल' म्हणून तपास सैल पडतो. असे खटले तिथेच हातचे जातात.

कायदा काय मागतो ते आधी पाहू. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 138 नुसार गुन्ह्यातला साथीदार साक्ष देऊ शकतो आणि दुजोरा मिळालेल्या त्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. जुन्या साक्ष कायद्याचं कलम 133 दुजोऱ्याविनाही शिक्षा बेकायदा ठरत नाही, असं म्हणत होतं. कोर्टं मात्र तेव्हाही दुजोरा मागतच होती. सरवण सिंग खटल्यात (1957) सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी घातली: साक्षीदार मुळात विश्वासार्ह हवा आणि त्याच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र पुष्टी हवी. ही पुष्टी नुसत्या खुनाला मिळून भागत नाही. ती प्रत्येक आरोपीपर्यंत वेगवेगळी पोहोचावी लागते. मृतदेह साक्षीदाराने सांगितलेल्या विहिरीतच सापडला, यावरून त्याला विहीर माहीत होती एवढंच ठरतं. पत्नीने पैसे दिले हे त्यातून ठरत नाही.

म्हणून माफी कोणाला द्यायची हा निर्णय सगळ्यात मोलाचा. मारेकरी अनेकदा सुपारी देणाऱ्याला भेटलेलाच नसतो. त्याच्याकडे ऐकीव माहिती असते. दोघांनाही भेटलेला मध्यस्थ जास्त उपयोगी पडतो. मात्र कटाचा खरा सूत्रधार तोच असेल तर त्याला सोडून बाकीच्यांना अडकवल्याचा आरोप बचाव पक्ष करणार, आणि कोर्टालाही तो पटू शकतो.

आता क्रम. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब. त्याआधी आरोपी पोलीस कोठडीत नव्हे, न्यायालयीन कोठडीत असावा आणि त्याला विचार करायला वेळ द्यावा. साधारण 24 तास देण्याची रीत आहे. जबाबात त्याने स्वतःचा सहभाग स्पष्ट सांगायला हवा. 'मी नुसता उभा होतो' म्हणणाऱ्याची साक्ष फार काळ टिकत नाही. मग कलम 343 खाली माफीचा अर्ज. दंडाधिकाऱ्यांनी माफीची कारणं लेखी नोंदवली पाहिजेत आणि आरोपीने पूर्ण व खरी हकिगत सांगण्याची अट स्वीकारली पाहिजे. त्यानंतर, खटला सत्र न्यायालयाकडे सोपवण्यापूर्वी, दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात त्याची साक्ष घ्यावीच लागते. पत्नी आणि दोन मुलांच्या खुनाच्या सुरेशचंद्र बाहरी खटल्यात (1994) सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी अनिवार्य ठरवली. खटला सोपवल्यानंतर कलम 344 खाली माफी दिली असेल तर ही पायरी लागत नाही. नारायण चेतनराम चौधरी खटला (2000) त्यावरच आहे. साक्षीदार आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तो कोठडीतच राहतो. हे त्याला आधीच सांगावं, नाहीतर वर्षभरात त्याचा धीर सुटतो.

खरं काम दुजोऱ्याचं. जबाब घ्या आणि एकेक वाक्य सुटं करा. समजा तो म्हणतो, 'बाईंनी मला मंगळवारी संध्याकाळी बसस्थानकामागे पन्नास हजार दिले.' यात चार गोष्टी आहेत: रक्कम, दिवस, जागा, माणूस. सोमवार-मंगळवारी बाईंच्या खात्यातून तेवढे पैसे निघाले का? त्या वेळी दोघांत फोन झाला का? दोघांचे फोन एकाच टॉवरखाली होते का? टॉवर फक्त परिसर दाखवतो, भेट नाही. आणि सिमकार्ड तिसऱ्याच्याच नावावर असेल तर ते कोण वापरत होतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं. तारखांवर बारीक लक्ष ठेवा. पोलिसांना आधीच माहीत असलेली गोष्ट जबाबात आली, की 'साक्षीदार पढवलेला आहे' असा हल्ला होतो. जबाबानंतर शोधून सापडलेली नोंद सर्वांत वजनदार. सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) असो की फुटेज, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे तपासायचा सांकेतिक क्रमांक) भरून, जोडलेलं हवं. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम 65-ब बाबत अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (2020) या प्रमाणपत्राची सक्ती स्पष्ट झाली आहे.

दोन साथीदारांच्या साक्षी एकमेकींना दुजोरा देत नाहीत. तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने भुबोनी साहू खटल्यात (1949) हे सांगून ठेवलंय. सहआरोपीचा कबुलीजबाबही मुख्य पुरावा होत नाही, इतर पुराव्याला फार तर हातभार लावतो.

कटातली बोलणी साक्ष अधिनियमाच्या कलम 8 खाली सर्व कटवाल्यांविरुद्ध वाचता येतात, पण कट झाल्याचं मानायला आधी सकृद्दर्शनी आधार हवा आणि ती बोलणी कट जिवंत असतानाची, त्याच हेतूला धरून हवीत. मिर्झा अकबर खटला (1940) नवऱ्याच्या खुनाचाच होता. पत्नी आणि तिच्या प्रियकरात झालेली पत्रं पुराव्यात आली. पण अटकेनंतर तिने दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं विधान प्रियकराविरुद्ध वापरता येत नाही असं ठरलं, कारण तोवर कट संपला होता. आज पत्रांच्या जागी व्हॉट्सॲप आलं, नियम तोच. म्हणून दोषारोपात कटाचा कालावधी नीट लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 खाली करार झाला की गुन्हा पूर्ण होतो, पण तो करार अनैतिक संबंध किंवा विम्याची रक्कम दाखवून सिद्ध होत नाही. त्यातून दिसतो तो फक्त हेतू.

मारेकऱ्याच्या बायकोला साक्षीला आणताना जपून. नवऱ्याने तिला जे सांगितलं ते साक्ष अधिनियमाच्या कलम 128 मुळे त्याच्या संमतीविना पुराव्यात येत नाही. तिने त्याला रक्ताचे कपडे धुताना पाहिलं, हे येतं.

माफीचा साक्षीदार फिरला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 345. त्याने माफीची अट मोडली असं प्रमाणपत्र सरकारी वकिलांनी दिलं, की त्याच्यावर मूळ गुन्ह्यासाठी खटला चालू शकतो, मात्र इतर आरोपींसोबत नाही, स्वतंत्रपणे. आणि कलम 183 चा त्याचा जबाब तिथे त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. खोट्या साक्षीचा खटला भरायचा असेल तर आधी उच्च न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागते.