बाप होऊ घातलेल्या पुरुषाचे पहिले तीन महिने

घरी केलेल्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली की पुढचे सात-आठ आठवडे पुरुषाची अवस्था मोठी चमत्कारिक असते. आयुष्यात फार मोठे काही घडले आहे हे त्याला कळलेले असते, पण डोळ्यांना काहीच दिसत नसते. पत्नीचे पोट पूर्वीइतकेच असते, बातमी कोणाला सांगायची नसते, आणि शरीराचे सगळे हाल तिच्या एकटीच्या वाट्याला आलेले असतात. अशा वेळी आपण नेमके काय करावे हे मला विचारायलाही कोणी नव्हते, कारण वडिलांच्या पिढीतल्या पुरुषांनी पहिलटकरणीला माहेरी पोहोचवून येण्यापलीकडे या विषयात फारसे लक्ष घातलेले नव्हते. या काळात धीराच्या शब्दांपेक्षा मुकाट्याने अंगावर घेतलेली कामे अधिक उपयोगी पडतात, असे मला अनुभवाने वाटते, आणि ती कामे कोणती हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

पहिले काम अगदी किरकोळ दिसते: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता होता, ती तारीख नीट लिहून ठेवावी. गर्भारपणाचे आठवडे याच तारखेपासून मोजतात, गर्भ राहिला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असताना डॉक्टर जेव्हा 'पाच आठवडे झाले' असे सांगतात, तेव्हा अनेक नवरे बोटांवर हिशेब करत बसतात. या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते. १० जूनला पाळी आली असेल तर ती १७ मार्च धरावी. आपल्याकडच्या 'नऊ महिने नऊ दिवस' या म्हणण्यात दोनच दिवसांचा फरक आहे, हे पाहून मला जुन्या बायकांच्या हिशेबाचे कौतुक वाटले होते. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टर तारीख बदलून देतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

याच हिशेबामुळे फॉलिक अॅसिडच्या गोळीची घाई करावी लागते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे डॉक्टरांची पहिली भेट होईपर्यंत हे काम बहुधा संपत आलेले असते. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल होऊ देण्याचे ठरवल्यापासूनच सुरू करणे उत्तम. ती सुरू झालेली नसेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. मधुमेह, फिट येणे असा काही त्रास असेल तर मात्रा वेगळी असू शकते, म्हणून तोही आधीच सांगावा.

सोनोग्राफीची मात्र घाई करू नये. आम्ही ती केली. साडेपाच आठवड्यांतच तपासणीला गेलो, पडद्यावर गर्भपिशवी दिसली पण ठोके दिसले नाहीत, आणि 'दहा दिवसांनी परत या' एवढे ऐकून बाहेर पडलो. ते दहा दिवस आम्ही दोघांनी एकमेकांशी या विषयावर एक अक्षरही न बोलता काढले. इतक्या लवकर ठोके न दिसणे हे पुष्कळदा स्वाभाविक असते, हे नंतर कळले. रक्तस्राव किंवा वेदना नसतील आणि डॉक्टरांनी लवकर बोलावले नसेल, तर पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या आठवड्यात करावी. तोवर ठोके सहसा स्पष्ट दिसतात.

आता स्वयंपाकघराविषयी, कारण या तीन महिन्यांत पुरुषाची खरी परीक्षा तिथेच होते. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, ती केवळ सकाळी न होता दिवसभर राहू शकते, आणि तिचे मूळ पुष्कळदा वासात असते. आमच्याकडे कढईत मोहरी तडतडून हिंग पडला की पत्नी तोंडाला ओढणी लावून गॅलरीत जाऊन उभी राहत असे. पुढे तर कुकरची शिट्टी होऊन वाफाळलेल्या भाताचा वास सुटला तरी तेच. तेव्हा फोडणीचे सगळे काम ती झोपेत असताना किंवा घराबाहेर असताना, दार लावून आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून उरकावे, आणि अन्न निवल्यावर तिच्यासमोर ठेवावे, कारण गार पदार्थांना वास कमी येतो. दहीभात, काकडी, लाह्या, खाकरा, कोरडी भाकरी, उकडलेला बटाटा असे साधे पदार्थ बहुधा पोटात टिकतात. उशाशी कुरमुऱ्यांचा एक लहान डबा ठेवावा आणि सकाळी उठून बसण्यापूर्वीच तिने त्यातले चार-दोन घास खावेत, कारण रिकाम्या पोटी मळमळ वाढते. दर दोन तासांनी थोडे थोडे खाणे दोन वेळच्या भरल्या ताटापेक्षा बरे पडते.

'आज काय खाशील?' हा प्रश्न मात्र विचारू नये. मी तो दिवसातून चार वेळा विचारत असे आणि त्यात आपण प्रेमळ आहोत अशी माझी समजूत होती. पदार्थांची नावे ऐकूनच तिला उमळून येते हे मला मळमळ सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात उमगले. दोन पदार्थ झाकून ठेवावेत आणि तिथून निघून जावे. आपण लहानपणापासून डोहाळे म्हणजे चिंचा आणि कैऱ्या असे ऐकत आलेलो असतो, पण या तिमाहीत इच्छेपेक्षा तिटकाराच जास्त असतो आणि काल आवडलेला पदार्थ आज नकोसा होऊ शकतो. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही.

तथापि 'हे सगळ्यांनाच होते' असे म्हणून उलट्यांकडे दुर्लक्ष करू नये. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. शिरेतून सलाईन द्यावे लागू शकते. मळमळीवर गर्भारपणात चालणारी औषधेही आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत, दुकानातून परस्पर आणू नयेत.

पपईच्या वादात पडू नये. कच्ची पपई टाळावी हे योग्यच आहे, पण आठवडाभरापूर्वी खाल्लेल्या पिकल्या फोडीवरून कोणी तिला बोल लावत असेल तर तो नवऱ्याने अडवावा. तंबाखूबाबत मात्र कोणतीही तडजोड नको. घरात सिगारेट, विडी ओढू नये, आणि घरात कोणी मशेरी भाजत असेल तर तेही थांबवावे. ही गोष्ट सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेली बरी.

यानंतर फाईल. पहिल्या नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोगाची चाचणी आणि लघवी अशा तपासण्या लिहून देतात. हे सगळे कागद तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये लावावेत आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नवऱ्याने स्वतःचा रक्तगट तपासून घेणे आवश्यक आहे. तो पॉझिटिव्ह असेल तर रक्तगटाच्या या विसंगतीचा बाळाला त्रास होऊ नये म्हणून द्यायच्या अँटी-डी इंजेक्शनाचा पुढे विचार करावा लागतो, आणि मध्ये रक्तस्राव झाल्यास ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी लागते. पत्नी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली तर नवऱ्याचीही तीच तपासणी लगेच व्हायला हवी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंमार्फत बारा आठवड्यांच्या आत नोंदणी केली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्यासाठीही ही नोंदणी लागते. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनीसुद्धा हे कार्ड काढून ठेवावे.

सोनोग्राफी केंद्रात ओळखपत्र मागतात आणि एक अर्ज भरून त्यावर सही घेतात, कारण १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने तशी नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे. घरी कोणी 'पेढा की बर्फी' अशी चौकशी करू लागले, तर ती तिथेच थांबवावी. लिंग सांगणाराच नव्हे, तर त्यासाठी तपासणी करून मागणाराही या कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तीन महिने पूर्ण होईपर्यंत बातमी फोडू नये, हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि त्यामागे व्यवहार आहे, कारण गर्भपात बहुतांशी याच काळात होतात. कळून आलेल्या गर्भारपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के अशा रीतीने थांबतात, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. रिक्षाचा प्रवास, उचललेली बादली किंवा चढलेला जिना हे नसते. तरीही मी हा रिवाज पूर्णपणे पाळू नये असे म्हणेन. काही विपरीत घडले तर ज्यांच्यासमोर आपण रडू शकू, अशा एक-दोन माणसांना आधीच सांगून ठेवावे, आणि ती माणसे कोण हे पत्नीने ठरवावे. कायद्याचा आधारही माहीत असावा: मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी ज्या ठिकाणी लागू आहेत, तिथे पात्र महिलेला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. भरपूर रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाला दुखणे, घेरी येणे किंवा ताप, यांपैकी काहीही दिसले तर रात्र आहे म्हणून थांबू नये, कारण गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजनलिकेत अडकला असेल तर तासांनाही महत्त्व असते. गाडी मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पुरुषाच्या स्वतःच्या अवस्थेबद्दल थोडेच लिहितो. काही नवऱ्यांनाही या काळात मळमळते, झोप उडते, वजन वाढते. माझे पोट पत्नीच्या आधी दिसू लागले होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण त्याची तक्रार तिच्यापाशी नेऊ नये, मित्रापाशी न्यावी.

अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच्या अवधीत बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी करतात. तिची वेळ आठवा आठवडा लागताच ठरवून घ्यावी, कारण हा अवधी टळला तर हे मोजमाप पुन्हा घेता येत नाही. त्या दिवशी सुट्टी काढावी. मी फाईल, ओळखपत्रे आणि सात प्रश्नांचा कागद घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला, तिथे बाळाने एक हात तोंडापाशी नेला, आणि मी एकही प्रश्न न विचारता बाहेर आलो. तो कागद अजून फाईलमध्ये आहे. आपला कागद आत जाण्यापूर्वीच पत्नीच्या हाती देऊन ठेवावा.