ऑपरेशननंतर कुत्रीच्या पोटावरून महिन्याला एकदा बोटं फिरवा

निपाणीत मी ब्लाऊज शिवते. शिवण कुठे उसवायला आलीय, ते मला डोळे मिटूनही बोटांनी कळतं. तरी माझ्या कुत्रीची, चंपीची, स्तनातली दुसरी गाठ माझ्या हाताला उशिरा लागली, कारण मी रोज फक्त टाक्यांचीच जागा बघत होते. पहिली गाठ उजव्या बाजूला मागच्या आचळापाशी होती. ती काढल्यावर आठ महिन्यांनी दुसरी आली ती डाव्या बाजूला, काखेच्या जवळ. तिकडे माझा हातच गेला नव्हता.

म्हणून आधी कागदावर पोट काढून घ्या. कुत्रीला बहुतेक वेळा आचळांच्या पाच जोड्या असतात, छातीपासून जांघेपर्यंत दोन ओळींत. डावे १ ते ५, उजवे १ ते ५ असे दहा गोल काढा आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्यावर फुली मारा. फुली नसलेल्या प्रत्येक ठिकाणी पुढे गाठ येऊ शकते. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात. पुढच्या आचळांतला कॅन्सर काखेतल्या लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोड्स) सरकतो, मागच्यांतला जांघेतल्या ग्रंथींकडे, मधल्या जोडीतला दोन्हींपैकी कुठेही. तेव्हा काख आणि जांघ चाचपल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. त्यानंतर काही आठवडे वणाखाली जाडसर दोरी असल्यासारखं लागतं, कधी पाणी साचून मऊ फुगतं. ते डॉक्टरांना दाखवून घ्या. महिनाभरात वण निवला की पहिली नोंद करा, पुढची सगळी तुलना तिच्याशीच करायची. एकदा बसलेला वण पुन्हा जाड व्हायला लागला तर थांबू नका.

मी हे दर संकष्टीला करते. महिन्यातून एकदा येते, विसरायला होत नाही, आणि चंद्र उगवेपर्यंत मी बसलेलीच असते. चंपीला आधी कुशीवर घ्यायचं, मग उताणी. हात गार असतील तर चोळून ऊब आणायची, नाहीतर ती पोट आवळते. तीन बोटं सपाट ठेवून काखेपासून जांघेपर्यंत हळूहळू फिरवायची. मग प्रत्येक आचळाभोवतीची कातडी, आपण कापडाचा पोत बघतो तशी, चिमटीत धरून सोडायची. चंपी मुधोळ जातीची शिकारी कुत्री आहे, कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, तिच्यात तांदळाएवढा दाणाही लागतो. अंगाने भरलेल्या किंवा केसाळ कुत्रीला जास्त वेळ द्या. आचळातून रक्त किंवा पू येतो का, तेही बघा.

काही लागलं तर ‘सुपारीएवढं’ असं लिहू नका, प्रत्येकाची सुपारी वेगळी. टेप लावून मिलिमीटरमध्ये लिहा. कुठल्या गोलापाशी आहे, बोटाखाली सरकतं की आत चिकटलंय, कातडी फुटलीय का, हेही लिहा. ३ सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठीचं पुढचं चित्र मोठीपेक्षा सहसा बरं असतं. महिना घालवायचा नाही तो याचसाठी.

नवी गाठ म्हणजे जुनाच कॅन्सर परतला असं लगेच धरू नका. वणाशेजारी आली तर ती शंका पहिली. दुसऱ्या आचळात आली तर ती सर्वस्वी वेगळी, नवी गाठ असू शकते. कुत्र्यांच्या स्तनातल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या साध्या निघतात, पण हाताला लागून ते ठरत नाही. ते बायोप्सीतच, म्हणजे गाठ प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कळतं. आमची पहिली गाठ ऑपरेशननंतर टाकून दिली गेली. कुणी विचारलं नाही आणि मीही मागितली नाही. ती कसली होती, हे आता कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट मला अजून टोचते. दुसऱ्या वेळी कोल्हापूरला नेलं, तेव्हा आधीच सांगितलं की निघालेली प्रत्येक गाठ तपासायला जाऊ दे. गाठ सडू नये म्हणून १० टक्के फॉर्मेलिन या द्रवात ठेवतात, गाठीच्या दहापट द्रव लागतो. रिपोर्टमध्ये ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक आहे ते) किती, काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ आहेत का, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी शिरल्यात का, हे विचारा आणि कागद जपून ठेवा. पुन्हा ऑपरेशन करण्याआधी छातीचे एक्स-रे काढायला सांगा, दोन्ही कुशींवर एकेक आणि एक उताणी झोपवून, कारण हा कॅन्सर बऱ्याचदा फुप्फुसात जातो.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या अज्जी म्हणाल्या, “आता म्हातारीला परत कशाला कापतीयास गं? हळद-चुन्याचा लेप लाव.” अज्जींचा चंपीवर फार जीव. पण लेपाने गाठ जिरत नाही, कातडी मात्र भाजते. घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्यात रक्तस्राव होतो, किडनी जाते. माज पुढे ढकलायचं इंजेक्शन तर नकोच, त्यातल्या हार्मोनने अशा गाठींचा धोका वाढतो.

संकष्टीची वाट न बघता त्याच दिवशी न्यायचं ते असं: पोट लाल, गरम, कडक आणि दुखरं होऊन भराभर पसरतंय. ते दुधाच्या गाठीसारखं दिसतं, पण कॅन्सरचा एक वाईट प्रकारही असाच असतो, आणि त्यात कापून सहसा उपयोग होत नाही. मागचा पाय सुजला, खोकला लागला, तरीही न्या. गाढ झोपेत छाती किती वेळा वर-खाली होते ते मिनिटभर मोजा. ३०च्या वर वारंवार जात असेल तर फोन करा.

काल संकष्टी झाली. चंपी आता दहा वर्षांची आहे. काखा मोकळ्या, जांघा मोकळ्या, दोन्ही वण मऊ. उजव्या ४ पाशी एक दाणा लागला, ६ मिलिमीटर, सरकतो. मागच्या महिन्याच्या पानावर तिथे काही नाही. उद्या सकाळी दुकान बंद ठेवून तिला घेऊन जाते.