गिटार प्रोसेसरचा आवाज गढूळ येतोय? आधी काय दोनदा होतंय ते बघा

चार रात्री हेडफोन लावून मी गिटारच्या प्रोसेसरवर, म्हणजे ॲम्प आणि इफेक्ट्सची नक्कल करणाऱ्या डब्यावर, एक पॅच (इफेक्ट्सची मांडणी) बांधला होता. कानात अगदी भरदार वाटायचा. बँडसोबत पहिल्यांदा वाजवला आणि गाणं संपल्यावर ड्रमरनं विचारलं, "अगं, तू मधेच थांबली होतीस का? मला नुसतं घूं घूं ऐकू येत होतं."

मग बहुतेक जण करतात तेच मी केलं. ट्रेबल वाढवला, प्रेझेन्स वाढवला, शेवटी ईक्यूचा, म्हणजे निवडक सूर कमीजास्त करणारा, एक ब्लॉक (मांडणीतला एक टप्पा) टाकून त्याचंही वरचं टोक उचललं. आवाज गोधडीखालचा तो गोधडीखालचाच राहिला, वर फक्त फुसफुस आली. दोष कुठे होता ते कळायला मला बरेच दिवस लागले: माझ्या आवाजाला कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) दोनदा लागत होतं. त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या प्रोसेसरवर जे जे गढूळ आवाज दुरुस्त केले, त्यातल्या बहुतेकांत काहीतरी दोनदाच होत होतं. म्हणून ईक्यूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

सुरुवात रिकाम्या पॅचनं करा. एकही ब्लॉक नको. गिटार आत, आवाज बाहेर. हाच आवाज गिटार थेट ॲम्पमध्ये लावल्यावर येतो त्याच्याशी ताडून बघा. रिकाम्या पॅचमध्येच धार गेली असेल तर गडबड इनपुटच्या बाजूला आहे आणि मेनूत कितीही भटकलात तरी ती सापडणार नाही. रिकामा पॅच स्वच्छ असेल तर एकेक ब्लॉक चालू करत जा. ज्या ब्लॉकला आवाज बसतो, चोर तोच.

इनपुटची बाजू पटकन उरकते. गिटारचा टोन नॉब पूर्ण उघडा आहे का? हसू नका, एकदा मी पाऊण तास सेटिंग्ज खोदल्या आणि नॉब तीनवर होता. तारा किती जुन्या आहेत? पिकअपचा (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाचा) स्विच नेकवर आहे का? आणि गिटार नक्की गिटारच्याच जॅकमध्ये आहे ना? साध्या, बिनबॅटरीच्या पिकअपला समोर सुमारे १ मेगओमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट साधारण १० किलोओमचा असतो, त्यात वरचे सूर दबतात. काही प्रोसेसरांत हा इम्पीडन्स (इनपुटचा विरोध) बदलता येतो आणि "ऑटो"वर असेल तर पहिल्या ब्लॉकप्रमाणे तो आपोआप बदलतो. साखळीत सगळ्यात आधी फझ (जाड, फाटका आवाज देणारा इफेक्ट) ठेवला असेल तर इनपुट खाली उतरून आवाज मऊ होऊ शकतो. तो १ मेगओमवर पक्का करून ऐका.

केबलचंही तसंच. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. कमीजास्त होतं, पण अंदाजाला पुरे. दहा मीटरची केबल गिटार आणि प्रोसेसरच्या मध्ये टाकली की पिकअपची धार खाली सरकते. तीच केबल प्रोसेसरच्या पुढे टाकली तर फारसा फरक पडत नाही, कारण प्रोसेसरच्या आउटपुटचा इम्पीडन्स कमी असतो. तेव्हा आखूड केबल आधी, लांब केबल नंतर.

आता मुख्य गुन्हेगाराकडे. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्यानं खाली येतो. डिस्टॉर्शनची किरकिर कानाला टोचत नाही ती त्यामुळेच. प्रोसेसरमधला कॅब (कॅबिनेट) ब्लॉक किंवा आयआर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाची नोंद) हेच काम आकड्यांनी करतो. म्हणजे कॅब ब्लॉक चालू ठेवून प्रोसेसर कॉम्बो ॲम्पला (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) जोडला की वरचं टोक दोनदा कापलं जातं, आणि खालच्या मिडचा (मधल्या सुरांचा) फुगवटा दोनदा चढतो. जे कापलं गेलं ते ट्रेबल वाढवून परत येत नाही. माझी फुसफुस तिथूनच आली होती.

त्यामुळे प्रोसेसर कशाला जोडलाय यावर सगळं ठरतं. हेडफोन, पीए (सभागृहाचे स्पीकर), मॉनिटर स्पीकर किंवा ऑडिओ इंटरफेस असेल तर ॲम्प ब्लॉक चालू, कॅब ब्लॉक चालू. कॉम्बोच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये जोडत असाल तर ॲम्प चालू, कॅब बंद. रिटर्नमधून गेल्यावर कॉम्बोचा स्वतःचा प्रीॲम्प (टोन घडवणारा पहिला टप्पा) वगळला जातो, म्हणून मला हा मार्ग सगळ्यात आवडतो. कॉम्बोच्या पुढच्या इनपुटमध्ये जात असाल तर ॲम्प आणि कॅब दोन्ही बंद, प्रोसेसर फक्त पेडलबोर्ड म्हणून वापरायचा.

पण कॉम्बोला रिटर्नच नसेल आणि तुम्हाला प्रोसेसरमधलाच ॲम्प हवा असेल तर? कॉम्बो जितका सपाट करता येईल तितका करा. फेंडर घराण्याच्या टोन सर्किटमध्ये सगळे नॉब मधोमध म्हणजे सपाट, असं नसतं. तिथे मिडला खड्डा असतो. बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर, मिड पूर्ण वर, असं ठेवलं की ते सपाटाच्या जवळ येतं. दिसायला विचित्र, ऐकायला बरं.

शिवाय एक ग्लोबल सेटिंगही तपासा. बऱ्याच प्रोसेसरांत आउटपुट कुठे जातंय ते सांगावं लागतं: लाइन, कॉम्बो, स्टॅक (ॲम्प वेगळा, कॅबिनेट वेगळं) वगैरे. ते चुकीचं असेल तर प्रत्येक पॅच गढूळ येतो आणि आपण एकेका पॅचला दोष देत बसतो. एकाच वेळी पीएलाही आणि कॉम्बोलाही द्यायचं असेल तर मार्ग दोन करा आणि कॅब फक्त पीएच्या फाट्यावर ठेवा.

एवढं करूनही हेडफोनवरचा पॅच मोठ्या आवाजात जड वाटेल. त्यात यंत्राचा दोष नाही. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री हळू वाजवताना आपण बेस वाढवत नेतो आणि मंचावर तो सगळा बेस व्याजासकट अंगावर येतो. माझ्या त्या पॅचमध्ये बेस सातवर होता. तालमीच्या आवाजाला बसवला तेव्हा साडेतीनवर आला. शेवटचा हात नेहमी खऱ्या आवाजाच्या पातळीवरच फिरवा, आणि शक्य असेल तर बाकीचे वाजवत असताना.

बँडमध्ये गिटारचा तळ कोणाला लागतो? खालच्या ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. त्याखाली जे येतं ते हाताची धडपड आणि गुणगुण, आणि त्या जागेवर बेस गिटार आणि किक ड्रमचा हक्क आहे. कॅब ब्लॉकमध्ये लो कट (ठरावीक हर्ट्झखालचं कापणारा) असतो. मी तो १०० वर ठेवते, जास्त गेन (सिग्नल फुगवून फाडणं) असेल तर १२० वर. हाय कट ७,००० च्या आसपास. एकट्यानं ऐकलं तर आवाज किडकिडीत वाटेल. वाटू दे.

गेनबद्दल जरा थांबून बोलते, कारण चिखल इथेही तयार होतो. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि फरकाचे नवे सूर निघतात. खालची ई आणि तिच्यावरचा बी, ८२ आणि १२३. फरक ४१, म्हणजे ई चाच खालचा सप्तक. पॉवर कॉर्ड दणदणीत लागते ती म्हणूनच. त्याच तळाला पूर्ण मायनर कॉर्ड पकडा आणि फरकाचे काही सूर कॉर्डच्या कुठल्याही स्वराशी न जुळणारे निघतात: गुरगुर. ही गुरगुर नंतर ईक्यूनं निघत नाही. बेस डिस्टॉर्शनच्या आधी कापावा लागतो. ॲम्प ब्लॉकच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) टाका, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर. त्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन मिळतो, त्यामुळे तळ आवळला जातो. मग ॲम्पचा गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा थोडा कमी करा.

रिव्हर्ब (घुमारा) दोनदा होण्याची जागा तर ठरलेलीच. पॅचमध्ये एक, कॉम्बोच्या स्प्रिंगचा दुसरा, मिक्सरवर बसलेल्यानं प्रेमानं घातलेला तिसरा. एकच ठेवा. तो डिस्टॉर्शनच्या नंतर हवा, त्याचा लो कट २५० च्या आसपास, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) २० ते ३० मिलिसेकंद. तयार प्रीसेटमध्ये रिव्हर्ब बहुधा सढळ हातानं घातलेला असतो, एकट्या गिटारवर छाप पडावी म्हणून.

स्टिरिओ पॅच मोनोत ऐकताय का, तेही बघा. डबलर किंवा वाइडनर एका बाजूला किंचित उशीर करतो. उशीर १ मिलिसेकंदाचा असेल आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या तर ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ एकमेकांना खातात. आवाज पोकळ आणि लांबचा वाटतो. एकच केबल असेल तर लेफ्ट/मोनो लिहिलेला जॅक वापरा आणि डबलर बंद करा. संगणकावर ध्वनिमुद्रण करताना हीच गंमत दुसऱ्या वेषात येते: थेट मॉनिटरिंगही चालू आणि सॉफ्टवेअरमधून येणारा आवाजही चालू. एक बंद करा.

स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर असेल तर भिंती बेस वाढवतात, आणि धार सरळ तुमच्या पोटऱ्यांकडे जाते. तो खुर्चीवर ठेवा, कानाकडे किंचित वळवा, मग नॉबला हात लावा.

हे सगळं झालं की उरतो तो ईक्यू. एक अरुंद पट्टा ८ डेसिबल वर करून २०० ते ५०० हर्ट्झमध्ये हळूहळू सरकवा. जिथे आवाज सगळ्यात डबक्यासारखा वाटेल तिथे थांबा आणि तोच पट्टा ३ डेसिबल खाली आणा. माझ्या गिटारला ही जागा ३२० च्या आसपास सापडते. तुमची वेगळी असेल.

आता प्रत्येक पॅचच्या मी तीन प्रती ठेवते: "हेड" (हेडफोन), "पीए" आणि "कॉम्बो". कॅबचा स्विच कुठे चालू, कुठे बंद, हे घाईत आठवत बसावं लागत नाही. आणि सेव्हचं बटण दाबा. त्या ड्रमरच्या प्रश्नानंतर मी जो पॅच पहिल्यांदा नीट केला, तो न जपताच पुढच्या पॅचवर पाय टाकला होता.