काजू-फणसाच्या दिवसांत अस्वल परड्यात येऊ नये म्हणून

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळ्याच्या डोंगरकडेला ज्यांची घरं आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला. एप्रिलपासून मिरगाचा पाऊस स्थिरावेपर्यंतचे दिवस जपायचे आहेत. आधी काजूचे बोंडू, मग करवंदं, मग फणस आणि शेवटी जांभूळ, असं एकामागून एक सगळं याच काळात पिकतं. त्यातच हिवाळ्यात झालेली अस्वलाची पिल्लं आता आईच्या पाठीवर बसून फिरतात. पिल्लावाली मादी अचानक समोर आली तर ती माघार घेत नाही, अंगावर येते.

अस्वलाची नजर आणि कान बेताचे असतात, नाक मात्र फार तिखट. आपल्या घराकडे ते माणसासाठी येत नाही, वासाने येतं. म्हणून कुंपणाचा खर्च करण्याआधी परड्यातला वास कमी करा. दिवस मावळायच्या आत हे काम झालं पाहिजे, कारण अस्वल बहुतेक रात्री आणि पहाटे फिरतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बोंडूंकडे. बी पिळून काढली की बोंडू झाडाखाली किंवा घरामागच्या उकिरड्यावर पडतात, दोन दिवसांत आंबतात आणि तो वास रानापर्यंत जातो. बिया रोज गोळा करा, बोंडू पाटीत भरून त्याच दिवशी हलवा. ताजे बोंडू जनावरांना बेतानं घालता येतात, आंबलेले घालू नका. उरलेल्यांसाठी घरापासून लांब कंपोस्टचा खड्डा करा आणि प्रत्येक थरावर शेण व माती घाला. वरवर माती ओढून भागत नाही. अस्वलाच्या नख्या बोटभर लांब असतात आणि खोदण्यात ते पटाईत आहे. फणसाचंही तसंच. परड्यातल्या झाडावर फणस पिकू देऊ नका, पाड लागला की उतरवून घरात आढी घाला. चारखंड (गरे काढून उरलेला भाग), साली, आठळ्या रात्रभर अंगणात राहू नयेत. गोठ्यात भिजवलेली पेंड, भरडा, काकवीचा डबा झाकणबंद ठेवा. जेवणातलं खरकटं संध्याकाळीच जनावरांपुढे टाकून मोकळं व्हा.

मधपेट्या ठेवणाऱ्यांनी तर विशेष जपावं. भुदरगडमधलं पाटगाव मधाचं गाव म्हणून नावारूपाला आल्यापासून या पट्ट्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा उत्साह वाढला आहे, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण मधानं भरलेली पेटी रानाच्या तोंडाशी जमिनीलगत ठेवली तर अस्वलाला आयतंच ताट मिळतं. मधाबरोबर ते पोळ्यातल्या अळ्याही खातं, म्हणजे पेटी फुटली की वसाहतच संपते. पेट्या झाडीपासून दूर, उघड्या जागेत एकत्र ठेवा. लोखंडी स्टँड जमिनीत पक्कं रोवा, झाकण आणि तळपाट पट्ट्यानं आवळून बांधा. मध तयार झाला की काढणी लांबवू नका. मध काढलेल्या चौकटी, मेणाचे तुकडे, मध लागलेली फडकी तिथंच टाकू नका, घरात आणून धुवा. पेट्यांच्या जागेभोवती सौर झटका कुंपण असेल तर उत्तम. अस्वल जाळी ओढतं आणि खालून शिरायलाही बघतं, म्हणून खालची तार जमिनीपासून वीतभरापेक्षा वर नको. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, तेव्हा पावसाआधी आणि नंतरही तारेखालचं गवत काढत राहा. सौर कुंपणाच्या अनुदानासाठी आपल्या गावाचा समावेश डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत आहे का, हे वनरक्षकाला विचारा.

मेन लाइनची वीज तारेत सोडू नका, ही कळकळीची विनंती. त्यानं अस्वल मरेल की नाही ठाऊक नाही, पण पहाटे पाणी पाजायला आलेला शेजारी किंवा स्वतःचं पोर मरतं. फास आणि गावठी बॉम्बही तसेच. अस्वल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं गंभीर गुन्हा आहे.

वाळवी हे अस्वलाचं आवडतं खाणं. सरपण आणि पिंजाराची व्हळी भिंतीला टेकून थेट जमिनीवर रचू नका, खाली दगड किंवा फळ्या द्या. परड्यातलं नवीन वारूळ लहान असतानाच काढा. नागपंचमीला पूजलं जाणारं वारूळ मोडायला कुणी सांगणार नाही, तिथं भोवतालची झुडपं साफ करून उजेड ठेवा.

पहाटे परसाकडे, काजूत किंवा करवंदाच्या जाळीकडे जाताना एकटं जाऊ नये. बोलत जा, घुंगरूकाठी आपटत जा. बॅटरी हवीच. कुत्रं मोकळं सोडू नका, ते अस्वलाला डिवचतं आणि मग पळत मालकाकडेच येतं.

तरी समोर आलंच तर पळू नका, झाडावरही चढू नका. ते आपल्यापेक्षा जोरात पळतं आणि चढतंही. पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका, त्याला वाट मोकळी द्या. अंगावर आलं तर पालथं पडा, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवा. अस्वल डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करतं, ते वाचवणं पहिलं काम. जखमेवर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, 108 ला फोन करा. रक्त आटोक्यात आलं की जखम साबण-पाण्यानं भरपूर धुवा. ओरखडा किरकोळ वाटला तरी रेबीजची लस चुकवू नका.

नुकसान झालं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपाल कार्यालयात त्याच दिवशी कळवा. फुटलेल्या पेट्या, मोडलेला ऊस, ठसे यांचे फोटो काढून ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत जागा आवरू नका. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती सोबत ठेवल्या तर हेलपाटा वाचतो.