नागपुरात ओबीएम शिकणाऱ्यांसाठी: वेग नंतर, वजन आधी

नागपूरला समुद्र नाही, तरी ओबीएमचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायच्या इंजिनाचं (आउटबोर्ड मोटर), काम आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी इथे आहे, एनडीआरएफची अकादमी इथे आहे, रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग चालतं. शिवाय 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा शहरातल्या रस्त्यांवर बोटी फिराव्या लागल्या. त्यामुळे हे काम शिकायला येणारी पोरं आता बरीच दिसतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "दादा, स्पीड कसा वाढवायचा?"

माझ्या उस्तादांचं उत्तर ठरलेलं होतं, "अबे, आधी माणसं बसव, मंग पाना हाती घे." रिकाम्या बोटीवर केलेली सेटिंग रिकाम्या बोटीलाच लागू पडते. बचावाची बोट जाताना दोघांना नेते आणि येताना आठ जणांना आणते. म्हणून चाचणी भरल्या बोटीवर घ्या. माणसं मिळाली नाहीत तर वाळूची पोती चालतील.

सुरुवात उंचीपासून. मशीन ज्या मागच्या फळीवर बसतं तिची उंची मोजा. साधारण 15 इंचाच्या फळीला शॉर्ट शाफ्ट आणि 20 इंचाच्या फळीला लाँग शाफ्ट लागतो. मग अॅल्युमिनियमची सरळ पट्टी बोटीच्या तळाला मधोमध टेकवून मागे काढा आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या प्लेटशी तिची पातळी ताडून बघा. प्लेट तळाच्या पातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली असली की सुरुवातीला पुरे. मशीन जास्त खाली गेलं तर पाण्याचा विरोध वाढून वेग मरतो आणि हँडल जड लागतं. जास्त वर गेलं तर वळणावर पंखा हवा ओढतो. ते कानाला लगेच कळतं: मशीन एकदम किंचाळतं, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतो आणि बोट मात्र जागीच बसते. लोक याला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. त्यात कमी दाबामुळे पंख्याच्या पात्यावर पाण्याचीच वाफ होते. इथे मात्र वरून हवा शिरते, म्हणून मशीन थोडं खाली घ्या, पंखा बदलू नका.

ट्रिमचं, म्हणजे मशीन फळीला किती तिरकं ठेवायचं त्याचं, काम पिनेवर चालतं. पिन फळीकडच्या भोकात घातली की बोटीचं नाक खाली दबतं, बाहेरच्या भोकात घातली की वर उठतं. बोट बेडकासारखी टुणटुण उडायला लागली तर पिन एक भोक आत घ्या. त्याआधी पेट्रोलची टाकी पुढे सरकवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

आता पंखा. त्याच्यावर 11 × 13 असं कोरलेलं असतं: व्यास 11 इंच, पिच 13 इंच. म्हणजे न घसरता फिरला तर पंखा एका फेऱ्यात 13 इंच पुढे जाईल. मशीन 5000 आरपीएमवर आहे आणि गिअर रेशो 2 आहे असं धरलं तर पंखा मिनिटाला 2500 फेरे घेतो, म्हणजे कागदावर ताशी साधारण 49 किलोमीटर. जीपीएसवर 40 दिसले तर घसरण 19 टक्क्यांच्या आसपास. हलक्या बोटीला 10 ते 20 टक्के चालून जातं.

पण खरी परीक्षा आरपीएमची. मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा दिलेली असते, समजा 5000 ते 6000. भरली बोट 4600 वरच अडकली तर मशीन दमतंय. पिच एक इंच उतरवला की आरपीएम साधारण 150 ते 200 ने चढतो, म्हणजे इथे दोन-तीन इंच कमी पिचचा पंखा हवा. वेग थोडा जाईल, पण लोक बसलेले असताना बोट पटकन उचलेल. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेहून अधिक मीटर उंच आहे, त्यात मे महिन्याचा उकाडा. मशीनची ताकद थोडी त्यातही जाते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या ओळखीच्याने सांगितलेला पिच डोळे मिटून घेऊ नका.

हँडल सोडल्यावर बोट उजवीकडे ओढत असेल आणि प्लेटखाली छोटा टॅब असेल, तर त्याची मागची कड उजवीकडेच वळवा. उलटं वाटतं, पण टॅबवर येणारं पाणी मशीनला डावीकडे ढकलतं.

एका वेळी एकच बदल करा आणि आकडे वहीत लिहा. किल कॉर्ड (ओढली गेली की मशीन बंद करणारी दोरी) मनगटाला बांधल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, यावर चर्चा नको.

पुराच्या गल्लीत ही सगळी सेटिंग बाजूला राहते. पाण्याखाली मोटारसायकल, दुभाजक, उघडं गटार, काहीही असू शकतं. मशीन उथळ पाण्याच्या खाचेत उचला आणि थ्रॉटल जेमतेम ठेवा. रिव्हर्सचं लॉक फक्त मागे घेताना लावा, नाहीतर टक्कर झाल्यावर मशीन वर उचललं जाणार नाही. मशीन थंड करून मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर एक डोळा ठेवा. ती थांबली की आधी मशीन बंद करा आणि मग खाली हात घालून पाणी आत घेणाऱ्या जाळीला चिकटलेली पन्नी काढा.