माणग्याच्या काठीला गाईड कसे बसवावेत

कोकणात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्यांच्या घरी बनवलेल्या काठ्या पाहिल्या की एक गोष्ट हटकून दिसते. काठी सरळ, सुकवलेली, रीळही चांगले, पण गाईड (तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ज्यांतून ओवतात त्या कड्या) चार-पाचच आणि तेही नजरेच्या अंदाजाने बांधलेले. तांबोशीसारखा जोरकस मासा लागला की सगळा ताण काठीच्या दोन-तीन ठिकाणीच येतो आणि ती तिथेच मोडते. दोष बांबूला दिला जातो. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, तो इतक्या सहज मोडत नाही. ताण काठीभर वाटून देण्याचे काम गाईडांचे असते, म्हणून त्यांच्या जागा ठरवण्यात वेळ घालवा. बांधणे त्यामानाने सोपे आहे.

इथे सात फुटी, म्हणजे सुमारे २१३ सेंमीची काठी आणि खाली लटकणारे मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ धरले आहे. फुटाला एक गाईड आणि शिवाय टोकाची कडी, हा हिशेब धरा. म्हणजे सात गाईड लागतील. खाडीच्या पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

आधी काठीची बाजू ठरवा. एक डोळा मिटून बुंध्याकडून टोकाकडे पाहा. सुकलेल्या बांबूला थोडा बाक असतोच. तो डावी-उजवीकडे येता कामा नये. टोक किंचित वर उचललेले राहील अशी काठी फिरवा आणि खालच्या बाजूला पेन्सिलीने सरळ रेघ मारा. गाईड या रेघेवर येतील. त्यांच्या वजनाने टोक थोडे खाली येते आणि काठी सरळ दिसते.

आता मापे. टोकापासून १०, २१, ३४, ४९, ६७, ८८ आणि ११३ सेंमीवर खुणा करा. टोकाकडे काठी जास्त वाकते, म्हणून तिथे गाईड जवळजवळ आणि बुंध्याकडे लांब लांब. रिळाच्या स्पूलचा (तंगूस गुंडाळलेल्या चकतीचा) पुढचा काठ बुंध्यापासून साधारण ४८ सेंमीवर आला, तर पहिला मोठा गाईड त्याच्यापासून ५२ सेंमीवर राहतो. हे अंतर महत्त्वाचे आहे. स्पूलवरून तंगूस मोठमोठे वेढे घेत सुटतो आणि त्यांना आवरायचे काम हा गाईड करतो. म्हणून तो २५ मिमीचा घ्या, पुढे १६, १२, १० आणि मग तीनही ८ मिमीचे. एखादी खूण बांबूच्या गाठीवर आली तर गाईड सेंमीभर पुढे-मागे सरकवा. गाठीच्या उंचवट्यावर त्याचा पाय कधीच नीट बसत नाही.

ही मापे सुरुवातीपुरती. प्रत्येक बांबू वेगळा वाकतो, त्यामुळे शेवटचा निर्णय काठीलाच देऊ द्या. टोकाची कडी आधी ग्लू गनच्या गोंदाने चिकटवा. पुढे कधी बदलायची झाली तर थोड्या उष्णतेने ती सुटते, इपॉक्सीने लावलेली सहजी सुटत नाही. बाकीचे गाईड नुसत्या मास्किंग टेपने लावा. तंगूस सगळ्यांतून ओवून टोकाला अर्धा लीटर पाण्याची बाटली बांधा. कुणाला तरी मूठ तिरकी धरायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून पाहा. तंगूस काठीच्या बाकाबरोबर वळत गेला पाहिजे. दोन गाईडांच्या मध्ये तो काठीपासून फार लांब गेला किंवा एखाद्या गाईडवर त्याचा टोकदार कोन झाला, तर शेजारचे गाईड तिकडे सरकवा. गरज पडली तर आणखी एक घाला. (रीळ वर बसवायचे असेल तर गाईडही वर येतात. तेव्हा तंगूस काठीला टेकतो का, ते पाहायचे.)

मग मोकळ्या मैदानात जाऊन, गरी न लावता फक्त शिसे बांधून, हलक्या हाताने फेकून पाहा. पहिल्या गाईडवर तंगूस सटासट आपटत असेल तर तो गाईड दोन-तीन सेंमी पुढे न्या. एवढे झाल्याशिवाय गाईड बांधायच्या दोऱ्याला हात लावू नका.

बांधण्याआधी गाईडच्या पायाचे टोक कानशीने उतरते करा. ते जाड राहिले तर दोरा चढताना फट पडते आणि पुढे तिथूनच पाणी शिरते. बारीक नायलॉनचा दोरा पायाच्या ४-५ मिमी अलीकडे काठीवर सुरू करा. पहिले पाच-सहा वेढे त्याच्याच शेपटीवर घ्या आणि शेपटी कापा. ताण असा ठेवा की वेढे एकाला एक चिकटून बसतील, पण अंगठ्याने गाईड थोडा हलवता येईल. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फासा ठेवा, दोऱ्याचे टोक त्या फाशात घाला आणि फासा ओढून काढा. टोक वेढ्यांखाली अडकते, गाठीची गरज उरत नाही. सगळे बांधून झाल्यावर टोकाच्या कडीतून मागे पाहत सगळ्या कड्या एका रेषेत आणा.

इपॉक्सी सावकाश सुकणारा घ्या, पाच मिनिटांत आवळणारा नको. पातळ थर द्या. पायाच्या दोन्ही कडांना दोऱ्याखाली बारीक पोकळी राहते, ती नीट भरा, कारण गंज तिथूनच लागतो. पुढचे दोन-तीन तास काठी दर काही मिनिटांनी अर्धा वळसा फिरवत राहा, नाहीतर ओघळ येतात. मग पूर्ण दिवस हात लावू नका.

खाडीवरून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवा. अधूनमधून प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडीला चीर आहे आणि ती तंगूस कापणार. असा गाईड काढताना ब्लेड पायाच्या धातूवरच चालवा, बांबूवर ओरखडा येऊ देऊ नका. नवा गाईड त्याच खुणेवर बसतो.